बावीस नंबरचा ससा

शहापूर
९ जून २०२५

दर्शना,

आशीर्वादाची ओळ लिहून खोडली आणि नुसतं तुझं नाव ठेवलं. तुझ्या लग्नाला आज पन्नास दिवस झाले आणि माझा नंबर तू ब्लॉक केलास त्यालाही तेवढेच. धरणाजवळचं तुझं भातसानगर इथून एसटीनं तासाभराच्या आत येतं. पण लग्नाला दोन महिनेही झाले नाहीत आणि आत्या दिपेशरावांच्या क्वार्टरच्या दारात उभी, हे तुझ्या सासूबाईंना आवडायचं नाही, म्हणून पोस्टानं लिहिते. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. अक्षर मात्र लगेच ओळखशील. अकरावी-बारावीला माझ्या खोलीवर होतीस तेव्हा दोन वर्षं डब्याबरोबर माझ्याच चिठ्ठ्या वाचायचीस.

तू का रागावलीस ते मला पक्कं ठाऊक आहे. हळदीच्या दिवशी तू मला गोठ्यामागे नेलंस आणि म्हणालीस, "आत्ते, तू बोल ना बाबांशी. एक वरीस थांबा म्हनावं, माझं नर्सिंग होऊ दे." मी म्हणाले, "त्याच्याकडं वर्ष आहे का, दर्शू?" तू माझा हात सोडलास आणि आत जाऊन हळदीला बसलीस. त्यानंतर आपण एकमेकींशी बोललो नाही.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात मी कल्याणला तुझ्या कॉलेजात जाऊन आले. तिथल्या मॅट्रनबाई तुला ओळखतात. पहिल्या वर्षाचे तुझे मार्क त्यांना तोंडपाठ होते, मला नव्हते. त्या म्हणाल्या, मुलीनं स्वतः येऊन अर्ज दिला तर ऑगस्टपासून दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसता येईल. शेवटची तारीख ३१ जुलै. त्यानंतर नाव कायमचं निघेल.

आणि दुसरं, ते खरं तर पहिलं लिहायला हवं होतं. तुझ्या बाबांना कॅन्सर नाही. कधीच नव्हता. मे महिन्यात कल्याणच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं पुन्हा तपासलं, आतडं स्वच्छ आहे. तपासणीत कुठंतरी गडबड झाली होती. दादाला तू एवढ्यात काही विचारू नकोस, त्याच्याशी मी बोलते.

जयश्रीआत्या

शहापूर
१८ जून २०२५

दर्शना,

उत्तर नाही. मी धरून चालले होते. तरी पोस्टमन प्रयोगशाळेच्या गेटवर आला की आमचा कुंडलिक मला हाक मारतो, त्याला मी तसं सांगून ठेवलं आहे.

गडबड झाली असं लिहून मोकळं होणं बरं नाही. तू नर्सिंगची मुलगी आहेस, तुला नीट सांगायला हवं.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असतं आणि त्याला बारीक दारं असतात. काही दारं फक्त पोटॅशियमसाठी. दार म्हणजे एक प्रथिन. त्यातलं एक असं आहे, की ते एरवी मेंदूतच सापडतं, पण काही कॅन्सरच्या गाठींमध्ये भलत्याच जागी दिसतं. ते शोधायची अँटिबॉडी आमच्या प्रयोगशाळेत बनते. सशाला त्या प्रथिनाचा इवलासा तुकडा टोचायचा, काही आठवड्यांनी कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं आणि त्यातून नेमकी ती अँटिबॉडी वेगळी काढायची. काचेच्या पट्टीवर गाठीचा पातळ काप ठेवून त्यावर ती सोडली, की प्रथिन जिथं असेल तिथं ती चिकटते. मग रंग घातला की तेवढीच जागा तपकिरी होते.

एका सशाची अँटिबॉडी संपली की दुसऱ्याची वापरायची. तिला नवा लॉट म्हणतात. बाटली तीच, नाव तेच, फक्त खाली सशाचा नंबर वेगळा. आमचे ससे कुंडलिक सांभाळतो, चौथी शिकलेला आहे. तो म्हणतो, "बाय, ह्याचं रगत ह्याचं नि त्याचं रगत त्याचं." आमच्या हेतल मॅडम डॉक्टरेट आहेत, त्या हेच इंग्रजीतून सांगतात. म्हणून नवा लॉट आला की दुसरं काहीही करण्याआधी तीन पट्ट्या लावायच्या असतात. पहिली मेंदूच्या कापाची, ती रंगली पाहिजे. दुसरी ज्यात ते प्रथिन नाही अशा कापाची, ती कोरी राहिली पाहिजे. तिसऱ्या पट्टीसाठी अँटिबॉडीला आधीच तो प्रथिनाचा तुकडा देऊन ठेवायचा, म्हणजे तिचे हात भरलेले राहतात आणि ती कशालाच चिकटायला नको. तरीही चिकटली, तर ती भलतंच काहीतरी धरते आहे.

चौदा नंबरच्या सशाचा लॉट फार चांगला होता. बावीस नंबरचा गेल्या ऑक्टोबरात आला आणि बरेच महिने फ्रीझरमध्ये पडून राहिला. या मे महिन्यात हेतल मॅडमनी तो काढून तीन पट्ट्या लावल्या, तर तिन्ही तपकिरी. बावीस नंबर दिसेल त्याला चिकटत होता. दादाच्या गाठीची तपासणी ह्याच लॉटवर झाली होती. त्याआधी तीन पट्ट्या लावल्या गेल्या नव्हत्या.

चूक आमच्या प्रयोगशाळेची. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. कॉलेजची तारीख लक्षात ठेव.

जयश्रीआत्या

शहापूर
२ जुलै २०२५

दर्शना,

मागचं पत्र टाकलं आणि त्याच दिवसापासून मला ते टोचतंय. त्यात मी "तपासणी झाली", "पट्ट्या लावल्या गेल्या नव्हत्या" असं लिहिलं, जसं काही सगळं आपोआप होत होतं. कुणी केलं ते लिहायचं टाळलं. ते मी केलं. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कुणाला त्या तपासणीचा पत्ताही नव्हता. तुला वाटत असेल की कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरनं बाबांना कॅन्सर सांगितला. डॉक्टरनं साधी गाठ म्हणून लिहून दिलं होतं आणि सहा महिन्यांनी दाखवायला बोलावलं होतं. कॅन्सर मी सांगितला.

गेल्या दसऱ्यानंतर दादा प्रयोगशाळेच्या गेटवर आला. सतरा वर्षं मी इथं आहे, तो पहिल्यांदा आला. गावात तो काय सांगत असतो तुला माहीत आहे, "आमची जयू सशे पाळते." त्या दिवशी त्याच्या खिशात औषधाच्या पाकिटात मेणाचा ठोकळा होता. कल्याणला काढलेली गाठ त्यात बसवलेली होती, त्यानं ती तिथून मागून आणली होती. मला म्हणाला, "तू कॅन्सरच्या कामात हायस ना गो, तू बघ. ते कल्यानवाले दोन मिंटात हाकलतात." मी त्याला आत नेलं, ससे दाखवले, सूक्ष्मदर्शक दाखवला. त्यानं चप्पल बाहेर काढून ठेवली होती, देवळात काढतात तशी. मला फार बरं वाटलं.

चौदा नंबरचा जो साठा उरला होता तो बाहेरच्या ऑर्डरींसाठी राखून ठेवलेला. त्यातून थेंब घेतला असता तर हेतल मॅडमना कळलं असतं की जयश्री घरचं काम करते. बावीस नंबरची बाटली नुकतीच आली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी ती उघडली. तीन पट्ट्या लावायला आणखी दोन दिवस गेले असते. मला तेवढा धीर नव्हता. बाटलीवर छापलेलं असतं, फक्त संशोधनासाठी, रोग ठरवण्यासाठी नाही. ते लेबल मीच चिकटवते. आणि लॉट चांगला असता, रंग खरा असता, तरी तेवढ्यावरून कॅन्सर आहे असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. हेही मला येतं.

पट्टी सबंध तपकिरी निघाली. दर्शू, आता मी जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ती पट्टी बघून मला आधी आनंद झाला. भीती नंतर वाटली. कल्याणवाल्यांना दिसलं नाही ते मला दिसलं, असं मला वाटलं. दादा एवढ्या वर्षांनी माझ्या कामासाठी माझ्याकडे आला होता आणि त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी फोन करून म्हणाले, "दादा, आहे त्यात."

मुंबईला मोठ्या इस्पितळात चल म्हणाले मी, दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. तो म्हणाला, मुंबईला जाऊन मरायचं नाही, इथली कामं उरकून घेतो. जानेवारीत म्हशाच्या जत्रेत त्यानं बैलजोडी विकली, कारण मागे कोण बघणार. त्याच बैलबाजारात दिपेशरावांचे वडील त्याला भेटले आणि दोघांनी तिथंच तुझं ठरवलं. पुढचं तुला माहीत आहे.

मला माफ कर असं लिहिणार नाही. मी तुझं वर्ष घेतलं, आणि ते घेतल्यावर गोठ्यामागे उभी राहून तुलाच शहाणपण शिकवलं. त्याची मला लाज वाटते.

जयश्री

शहापूर
१४ जुलै २०२५

दर्शना,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ आहे, "बाबांना हे कधीपासून माहीत आहे?" बाकी कोरं. कुंडलिकनं ते मला दोन्ही हातांनी आणून दिलं, त्याला वाटलं काहीतरी मोठं आलं.

सोळा मेपासून. पहिल्या पत्रात दादाशी मी बोलते असं लिहिलं, ते ढोंग होतं. तो दुर्बिणीच्या टेबलावर होता आणि मी बाहेर होते, त्याला माझ्याबरोबरच कळलं.

बावीस नंबर वाया गेला हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दादाला न्यायला मुरबाडची एसटी धरली. काही सांगितलं नाही, नुसतं कल्याणला चल म्हणाले. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही नाही, भाकरी खा, काम करा. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कॅन्सर आहे असं कुणी सांगितलं. दादानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. तो म्हणाला, "आमालाच तसं वाटलं." एवढंच. माझं नाव त्यानं घेतलं नाही.

बाहेर बाकावर मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. त्यानं डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "दर्शीला सांगायचा नाय."

मी म्हटलं, का?

"मी मरतोय म्हनून त्यांनी घाई केली. मानपान मागितला नाय, काय नाय. मरत्या मानसाचा शबूद ठेवला. आता मी टुणटुणीत फिरतोय हे कळलं तर म्हनतील, देवरामनं खोटा आजार सांगून पोरगी उजवली. पोरीला तिथं नांदायचंय."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण मी लगेच हो म्हणाले ते त्यासाठी नाही. तुला कळलं नाही तर मीही सुटते, म्हणून हो म्हणाले. आम्ही दोघं भावंडं एसटीत शेजारी बसून मुरबाडला आलो. वत्सलावहिनीला त्यानं रात्री सांगितलं. ती दोन दिवस रडली, आधी तो वाचला म्हणून आणि मग तुझ्यासाठी. वहिनीनंच मला फोनवर विचारलं, "ताई, कॉलेजात परत घेत्यात का वो पोरीला?" तेव्हा मी कल्याणला गेले. ती कल्पना माझी नव्हती.

सध्या तो रोज लावणीला चिखलात असतो. बैल नाहीत, भाड्याचा ट्रॅक्टर आणला होता. वजन वाढलंय. गावातले लोक विचारतात, देवराम, औषध कोणाचं? तो सांगतो, आयुर्वेदिक.

तुझ्या तारखेला सतरा दिवस उरले आहेत.

जयश्री

शहापूर
३० जुलै २०२५, सकाळ

दर्शना,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. दादा घेऊन येतोय.

थोडक्यात लिहिते, तो बाहेर कुंडलिकबरोबर सशांपाशी उभा आहे. रविवारी मी घरी गेले आणि त्याला सांगून टाकलं की दर्शनाला मी सगळं कळवलंय, तुझा शब्द मोडलाय. तो बांधावर होता. त्यानं पाठ फिरवली आणि बांधाला चिखल लिंपत राहिला. मी संध्याकाळच्या जीपनं परत आले. सोमवारी मी हेतल मॅडमसमोर लेखी दिलं, ऑक्टोबरात काय केलं ते तारखेसकट. त्यांनी वाचून माझ्याकडून चावी घेतली. माणसाच्या नमुन्यांचं काम मला आता नाही. निर्णय होईपर्यंत मी कुंडलिकच्या हाताखाली सशांचे पिंजरे धुते. दादा गावात सांगायचा ते खरं झालं. आज तो हे ऐकून हसेल असं वाटलं होतं, हसला नाही.

आज पहाटे पहिल्या गाडीनं तो इथं आला. पांढरा सदरा घातलाय, हातात तुझ्या कागदांची फाईल आहे. पेटीतून वहिनीनं काढून दिली. दिपेशरावांच्या वडिलांना स्वतः तोंडानं सांगणार म्हणतो. मी बरोबर येऊ का विचारलं. म्हणाला, "तू नको. तुझं तू लिवलंस, माझं मी बोलतो."

त्याला माफी मागता येत नाही, मलाही कुठं येते. तो आधी पाणी मागेल, धरण किती भरलंय विचारेल, इकडचं तिकडचं बोलेल. घाई करू नकोस, मधे बोलूही नकोस. तुझे सासरे चिडले तर चिडू देत, तो ऐकून घेईल, तेवढी तयारी करून आलाय.

त्यानंतर उद्या कल्याणला जायचं की नाही ते तू ठरव. तुला तिथं नांदायचं असेल, शिकायचं नसेल, तरी ते तुझंच. एकदा तुझं आम्ही ठरवलं, ते पुरे झालं. नाही म्हणालीस तर दादा शेवटच्या एसटीनं परत येईल आणि मी तुला पुन्हा त्याबद्दल लिहिणार नाही.

त्याला मधुमेहबिधुमेह काही नाही, चहात साखर चालते.

जयश्री

कल्याण
१ ऑगस्ट २०२५

आत्ते,

हे हॉस्टेलवरून लिहिते. फोन करता आला असता, पण तू पाच पत्रं लिहिलीस, म्हणून एक मी लिहिते.

बाबा आले. तू लिहिलंस तसंच, आधी पाणी मागितलं, मग धरणाचं विचारलं. मग सासऱ्यांसमोर उभं राहून म्हणाले, "मी आजारी नव्हतो. पोरीला मी घाईनं उजवली. तिचं शिक्षण मोडलं, ते मला परत लावून द्यायचंय." सासरे खूप बोलले. सासूबाई त्याहून जास्त. बाबा खाली बघून उभे होते, एकदाही उलट बोलले नाहीत. मी बाबांना असं कधी बघितलं नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं, पण मी त्यांना बस म्हणाले नाही.

दिपेशनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून गाडीला किक मारली आणि मला म्हणाला, "फोटो हायेत का तुझे पासपोर्टवाले?" मी म्हटलं, नाहीत. म्हणाला, शहापूरला काढू. सुट्टीला घरी येईन, असं मी सासूबाईंना सांगितलंय. त्या अजून बोलत नाहीत. पुढं काय होईल मला माहीत नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तुझं तिसरं पत्र मी चार वेळा वाचलं. तुला आनंद झाला होता हे तू लिहायला नको होतंस असं आधी वाटलं, आता वाटतं की तेवढंच खरं लिहिलंस. मी तुला इतक्यात भेटायला येणार नाही. पत्र पाठवलंस तर वाचीन.

अर्जात एक रकाना होता, मधे शिक्षण का थांबलं त्याचं कारण. क्लार्क म्हणाला, सगळ्या मुली "वडील आजारी" लिहितात, तेच लिही, लवकर होईल. मी पेन हातात घेतलं. मग लिहिलं, "वडील आजारी नव्हते."

त्यानं ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

दर्शना